खाडीकाठचा ख्रिस्तधर्म : पानसुपारी, पुराण आणि लोकोक्ती

कळवे हे गाव ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर वसलेले आहे. समोरच्या तीरावर ठाणे, पाठीशी पारसिकचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे कल्याण, अशी त्याची स्थिती आहे. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील दोन प्राचीन व्यापारी बंदरांच्या वाटेवर हे गाव येते. इ. स. १८५४ साली लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणापर्यंत गेला आणि ही वाट गाडीची झाली; तत्पूर्वी ती होड्यांची होती. आगरी व कोळी समाजाच्या या वस्तीला ख्रिस्ती धर्मेतिहासाच्या ग्रंथांत स्वतंत्र स्थान नाही. तथापि कळव्याच्या काठावर उभे राहून दोहों बाजूंस दृष्टी टाकली, तर या थोड्या कोसांच्या टापूत ख्रिस्ती धर्माचा सुमारे चौदा शतकांचा वावर आढळतो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्या वावराचाच एक अंश आहे.

धर्म स्वीकारणे आणि धर्म आचरणे या दोन भिन्न घटना होत. पहिलीची नोंद राहते. तिला तारीख असते, साक्षीदार असतात आणि बहुधा कोणीतरी तिचा अहवाल वरिष्ठांकडे धाडलेला असतो. दुसरीची नोंद कोणी ठेवत नाही. ती चुलीपाशी, विहिरीवर, लग्नमांडवात आणि शेताच्या बांधावर घडते. नव्या श्रद्धेने जगू पाहणारा मनुष्य जुन्या वाडवडिलांचे शहाणपण बरोबर घेऊन येतो. त्यातील काय ठेवावे आणि काय टाकावे याचा निर्णय त्यालाच, आणि पुष्कळदा त्याच्या घरातील स्त्रीला, रोज करावा लागतो. हा निर्णय ठाणे-कल्याणच्या परिसरात आणि मराठी मुलखात कसा झाला हे पाहावयाचे असेल, तर धर्मोपदेशकांच्या यशोवृत्तांपेक्षा तक्रारी, मनाई-हुकूम आणि घरगुती आठवणी यांवर अधिक विसंबावे लागते, असा आमचा अनुभव आहे.

सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नामक ग्रीक लेखकाने 'कल्लिआना' येथे इराणात दीक्षा घेतलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे कल्लिआना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक विद्वान मानतात. सर्वांचे त्यावर एकमत नाही. पुढील साताठ शतके सोडून आपण थेट इ. स. १३२१ मध्ये ठाण्यास येतो. त्या वर्षी तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि जॉर्जियातील डिमिट्रियस असे चार फ्रान्सिस्कन साधू चीनकडे जात असता ठाण्यास उतरले. त्यांच्यासमवेत जॉर्डानस हा डोमिनिकन साधू होता. परंतु तो त्या दिवसांत ठाण्यात नव्हता. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे थोड्याच काळानंतर तेथे आलेला ओडोरिक लिहितो. त्यांपैकीच एका घरी हे साधू राहिले. पुढील हकीकत बहुतेक ग्रंथांत हौतात्म्याची कथा म्हणून सांगितली जाते व ती तशी आहेही. पण तिचा आरंभ मोठा अर्थपूर्ण आहे. यजमान आणि त्याची पत्नी यांच्यात भांडण झाले, नवऱ्याने तिला मारले, आणि ती फिर्याद घेऊन काजीकडे गेली. साक्षीदार कोण, असे विचारता तिने घरातील परदेशी साधूंची नावे सांगितली. तिघांना बोलावणे गेले. पीटर सामान राखण्यास घरी राहिला. काजीपुढे गोष्ट मारहाणीवरून धर्मचर्चेवर गेली, आणि ९ एप्रिल रोजी तिघांचा व ११ एप्रिल रोजी पीटरचा वध झाला. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या.

त्या स्त्रीच्या फिर्यादीचे काय झाले, हे कोणी लिहिलेले नाही. ठाण्यातील ख्रिस्ती गृहजीवनाविषयीचा हा कदाचित सर्वांत जुना उल्लेख असावा. आणि त्यात आपल्याला दिसते ती उपासना नव्हे, तर मार खाल्लेली एक बाई. धर्म आचरणात कसा होता, या प्रश्नाला इतिहासाने दिलेले हे पहिले उत्तर आहे आणि ते विसरून पुढे जाणे योग्य नव्हे.

पोर्तुगीज सत्ता इ. स. १५३४ मध्ये वसई व साष्टी येथे आली आणि तिच्यामागोमाग फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मोपदेशक आले. येथे एका घोटाळ्याविषयी वाचकांस सावध करणे जरूर आहे. साष्टी दोन आहेत : एक ठाण्याची, जिच्यावर आज मुंबईची उपनगरे पसरली आहेत, आणि दुसरी गोव्याची. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कार्य दुसऱ्या साष्टीतले. परंतु त्यांचा ग्रंथ उभ्या मराठी भाषेचा असल्यामुळे या विवेचनात त्यांना वगळता येत नाही.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातून आलेले स्टीफन्स इ. स. १५७९ मध्ये गोव्यास पोचले व इ. स. १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले; सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे त्याची छापील प्रत दुर्मिळ झाली आणि तो हस्तलिखितांच्या रूपाने उरला. १९०७ मध्ये मंगळुराहून रोमन लिपीतील आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीतील आवृत्ती प्रसिद्ध केल्यावर मराठी अभ्यासकांना तो सुलभ झाला. मराठी भाषेच्या थोरवीचे त्यातील वर्णन शालेय पुस्तकांमुळे सर्वांस परिचित आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ग्रंथाच्या प्रयोजनात आहे. नवदीक्षितांपैकी एक जण पाद्र्यास म्हणतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस आमच्या भाषेत काही द्याल की नाही? ग्रंथ हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. एका परीने हा प्रश्न भाषेचा नव्हताच. सायंकाळी चार माणसे एकत्र बसून, एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, ही जी श्रवणाची रीत समाजाच्या अंगी मुरली होती, तिची जागा रिकामी झाली होती. प्रश्नोत्तरांच्या पोथीने ती भरून येण्यासारखी नव्हती. स्टीफन्स यांनी ओवी घेतली आणि तिच्याबरोबर वैकुंठ, मुक्ती, पाप, पुण्य हे शब्दही घेतले. शब्द आले की त्यांच्या मागे त्यांचा संसारही येतो. हे त्यांना कळत नसेल असे मानण्यास आम्ही तयार नाही.

ठाणे-वसईच्या बाजूस याच स्वरूपाचे एक दुसरे पुराण झाले, पण त्याला क्रिस्तपुराणाची प्रतिष्ठा लाभली नाही. फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारायंश या धर्मोपदेशकाने ख्रिस्ताच्या दुःखसहनावर उत्तर कोकणच्या मराठी बोलीत रचलेले हे काव्य १६५९ मध्ये लिस्बनला रोमन लिपीत छापले गेले. भाषेच्या दृष्टीने ते स्टीफन्स यांच्या ग्रंथाइतके सुघड नाही. पंडितांचा त्याला हात लागलेला दिसत नाही. पण मुंबई-वसईकडील ख्रिस्ती घरांत ते टिकले ते बहुधा याच कारणाने. आमच्या विद्यापीठांतून स्टीफन्स यांच्यावर जितके लिहिले गेले त्याच्या शतांशानेही या ग्रंथाकडे लक्ष गेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता मनाई-हुकुमांकडे वळू. इ. स. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेपासून स्थानिक रीतिरिवाजांवर निर्बंध घालण्यास आरंभ झाला. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकभाषेवर बंदी घालणारा हुकूम काढला. १७३६ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने जो जाहीरनामा काढला तो या सर्वांत तपशीलवार आहे. लग्नात देशी वाद्ये वाजवू नयेत, घरी लग्नगीते म्हणू नयेत, विवाहप्रसंगी विडा, सुपारी व फुले यांची समारंभपूर्वक देवघेव करू नये, हळद लावू नये, दाराशी तुळस ठेवू नये, असे नाना प्रकार त्यात मोजून दिले आहेत. हा दस्तऐवज सामान्यतः दडपशाहीचा पुरावा म्हणून उद्धृत होतो आणि तो तसा आहेच. पण इतिहासकाराला त्याचा आणखी एक उपयोग आहे. जे कोणी करीत नाही त्याला कोणी मनाई करीत नाही. दीक्षेनंतर जवळजवळ दोनशे वर्षे लोटल्यावरही ख्रिस्ती कुटुंबांत हळद लागत होती, विडा दिला जात होता आणि बायका ओव्या म्हणत होत्या, हे या जाहीरनाम्यावरून निर्विवाद सिद्ध होते. न्यायाधीशांनी नकळत लोकाचाराची इतकी सविस्तर सूची करून ठेवली की तिच्या तोडीची दुसरी सूची त्या काळात मिळणे कठीण.

पुढे तीन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ठाणे त्यापूर्वीच, १७३७ मध्ये, मराठ्यांच्या हाती आले होते. वसईच्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या धर्माचरणास मोकळीक ठेवण्यात आली होती. युरोपीय पाद्री निघून गेले, मठ ओस पडले, त्यांची उत्पन्ने सरकारजमा झाली. राहिले ते कोळी, वाडवळ, सामवेदी, कुणबी, भंडारी अशा जातींतून दीक्षित झालेले गावकरी आणि त्यांच्यासाठी थोडे गोमंतकीय धर्मगुरू. १७६० मध्ये साष्टीतून प्रवास करणाऱ्या आंकतिल द्यु पेराँ या फ्रेंच पंडिताला मराठी अंमलाखाली ख्रिस्ती उपासना इतकी उघड व निर्वेध चालते याचे आश्चर्य वाटले. आमच्या मते या प्रदेशातील ख्रिस्ती धर्माची खरी परीक्षा या काळात झाली. राजाश्रय गेला होता. धर्म सोडल्यास हरकत करणारे कोणी उरले नव्हते, उलट परत येणाऱ्यांना शुद्ध करून घेण्याची सोयही होती. तरीही बहुसंख्य लोक धर्मात राहिले. का राहिले, याचे उत्तर कोणत्याही एका कारणात सापडणार नाही. परंतु तोपर्यंत हा धर्म त्यांच्या शेतीच्या, मासेमारीच्या आणि सोयरिकीच्या चाकोरीत इतका बसला होता की तो सोडणे म्हणजे चाकोरीच मोडणे झाले असते, हे एक कारण खचित असले पाहिजे.

या चाकोरीची काही चिन्हे आजतागायत टिकून आहेत. लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन वधूवरांच्या स्नानासाठी पाणी आणावयाचे, यास 'उंबराचे पाणी' म्हणतात. भाताचे पहिले पीक हाती आले की त्याच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यावयाचा, तो 'आगेरा'. शहरात शेत उरले नाही तेथेही ऑक्टोबरात आगेरा होतो. लोंब्या कोठून तरी आणवतात. वांद्र्याच्या टेकडीवरील मरियेला कोळी लोक 'मोत माउली' म्हणतात. तिची मूर्ती समुद्रात जाळ्यात सापडली अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि सप्टेंबरातील तिच्या जत्रेस ख्रिस्ती कोळ्यांइतकेच हिंदू कोळीही जातात. या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. नोकरीसाठी येणाऱ्या गोमंतकीय व मंगळुरी ख्रिस्ती लोकांहून आपण येथील मूळचे, हे सरकारला दाखविणे हा त्यामागील हेतू होता. एका परकीय कंपनीचे नाव घेऊन आपले देशीपण सिद्ध करावयाचे, हा प्रकार मोठा चमत्कारिक खरा. पण अर्जविनंत्यांच्या त्या काळाला तो शोभणारा होता.

येथे थोडे दूर जाऊन दुसऱ्या एका समाजाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागात, इग्बो लोकांची वस्ती आहे. ओनित्शा येथे १८५७ मध्ये सॅम्युएल अजायी क्रौथर व जॉन टेलर या आफ्रिकी धर्मोपदेशकांनी अँग्लिकन मिशन स्थापिले. १८८५ मध्ये फ्रेंच कॅथॉलिक मिशन आले. संपूर्ण इग्बो बायबल १९१३ मध्ये निघाले. आपल्याकडे श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्येच बाहेर पडला होता, हे लक्षात घेता इग्बोंचा हा इतिहास किती अलीकडचा आहे हे कळून येईल. तरीही आज हा समाज बहुतांशी ख्रिस्ती आहे.

इग्बो समाजात वडीलधाऱ्यांचे बोलणे म्हणींवाचून होत नाही. म्हण ठाऊक नसणे हे तेथे वाणीचे दारिद्र्य समजले जाते. 'एग्बे बेरे, उगो बेरे' ही त्यांची एक सुप्रसिद्ध म्हण : घारही बसो, गरुडही बसो, जो दुसऱ्यास बसू देणार नाही त्याचा पंख मोडो. उजवा हात डाव्याला धुतो आणि डावा उजव्याला, अशी दुसरी एक आहे. तिचा आशय आपल्या 'एकमेका साह्य' या भावनेच्या फार जवळचा आहे. इग्बो धर्मगुरू शेजारधर्मावर प्रवचन करतात तेव्हा शुभवर्तमानाच्या शेजारी या म्हणी बसवितात, आणि श्रोत्यांना त्यात जोड दिल्यासारखे काही जाणवत नाही. आपल्याकडेही असे घडते. 'पेराल तसे उगवेल' ही म्हण पौलाच्या पत्रातून आली की कुणब्याच्या अनुभवातून, हे वसईच्या शेतकऱ्यास विचारणे व्यर्थ आहे. झाड फळावरून ओळखावे, असे ख्रिस्ताने सांगितले; शितावरून भाताची परीक्षा, असे भातखाऊ कोकणाने आधीच ठरविले होते. फरक एवढाच की म्हण परीक्षा करते आणि थांबते. शुभवर्तमान त्या झाडाला आणखी एक वर्ष खत घालून पाहण्याचीही गोष्ट सांगते.

परंतु म्हणींहूनही अधिक बोधप्रद साम्य पानसुपारीच्या बाबतीत आहे. इग्बो घरी पाहुणा आला की प्रथम कोलाचे फळ पुढे केले जाते. यजमानाने ते दाखवावे, ज्येष्ठाने प्रार्थना म्हणावी, मग ते फोडून सर्वांनी वाटून खावे. 'ओन्ये वेतारा ओजी वेतारा न्दू' : ज्याने कोला आणला त्याने जीवन आणले, असे तेथील वचन आहे. त्या प्रार्थनेत पितरांचे स्मरण व त्यांना अर्पण येत असल्यामुळे आरंभीच्या मिशनऱ्यांना ती रुचली नाही. कालांतराने कोला राहिला आणि प्रार्थना बदलली. आज ख्रिस्ती घरांत तो ख्रिस्ताच्या नावाने फोडला जातो. गोव्याच्या न्यायाधीशांनी १७३६ मध्ये विड्यावर जी बंदी घातली तिचे मूळही हेच होते. देणे-घेणे निरुपद्रवी, पण देताना मनात कोणाचे नाव आहे? या प्रश्नाला हुकुमाने उत्तर देता येत नाही, हे दोन्ही खंडांत अनुभवास आले. 'ओझो' या प्रतिष्ठेच्या पदवीचीही कथा अशीच आहे. कॅथॉलिक चर्चने ती दीर्घकाळ वर्ज्य ठरविली आणि पुढे तिच्यातील पूजाविधी वगळून तिला मान्यता दिली.

मात्र पूर्वजांचे शहाणपण म्हणजे केवळ गोड वचने नव्हेत. इग्बो समाजात 'ओसू' नावाचा एक वर्ग होता. देवतेला वाहिलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंक्तिव्यवहार नाही. मिशनच्या प्रारंभीच्या अनुयायांत यांचे प्रमाण लक्षणीय होते, आणि त्यामुळेच स्वतंत्र कुळांतील लोक पुष्कळ दिवस मिशनपासून दूर राहिले. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये कायद्याने ही प्रथा रद्द केली, तरी विवाह ठरविताना ख्रिस्ती कुटुंबांतही ती चौकशी होत राहिली. घारीला आणि गरुडाला शेजारी बसविणाऱ्या समाजाने ओसूला शेजारी बसविले नाही. तसेच सिप्रियन इवेने तान्सी (१९०३–१९६४) या इग्बो धर्मगुरूंचे उदाहरण ध्यानात घ्यावे. त्यांना १९९८ मध्ये ओनित्शा येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी धन्य घोषित केले. ते आपल्या लोकांत त्यांच्यासारखेच राहिले. परंतु मुखवटेधारी मंडळींनी स्त्रियांना भेडसावावे या जुन्या रीतीस त्यांनी निकराने विरोध केला. आपले म्हणून जे जे आहे ते सर्व राखावे, असे त्यांनी कधी मानले नाही.

मराठी मुलखात ओसूच्या जागी जात आहे, आणि ती चर्चच्या दाराशी थांबली नाही. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजात कोळी, वाडवळ, सामवेदी हे भेद सोयरिकीत शतकानुशतके पाळले गेले. तेव्हा 'ख्रिस्ती धर्म व देशी ज्ञान यांचा मिलाफ' असे जे आपण सहज लिहून जातो, त्यात 'देशी' म्हणजे कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. स्टीफन्स यांनी घेतले ते पुराणिकाचे. खाडीकाठच्या लोकांनी राखले ते कोळी-कुणब्यांचे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नारायण वामन टिळकांनी घेतले ते वारकऱ्यांचे. हे तीन निरनिराळे वारसे आहेत.

टिळकांचा कल्याणशी असलेला संबंध फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. त्यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. पण त्यांचे प्राथमिक शिक्षण १८६९ पासून कल्याणात झाले. पुढे ते नाशकास गेले. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त वेधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते म्हणत. या उद्गारात धर्मांतराविषयीची सर्वसाधारण कल्पना उलटी केलेली आहे. पूल ओलांडून माणूस पलीकडे जातो. पण पूल मोडून टाकीत नाही. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदया'तून सतत लेखन केले. मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत आज जी गीते गायिली जातात त्यांत त्यांचा वाटा फार मोठा आहे. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा दिली. मिशनच्या अनेक हितचिंतकांना हे मानवले नाही. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

टिळकांवर एक आक्षेप घेता येतो व तो निराधार नाही. अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळी बहुसंख्येने महार-मांग समाजांतून आलेली होती. त्यांच्यापुढे एका ब्राह्मण कवीने देशी रूप म्हणून जे मांडले ते सर्वस्वी त्यांचे होते काय? अभंगाबाबत उत्तर होकारार्थी देता येईल, कारण चोखामेळ्याचा वारसा त्यांचाच होता. संस्कृतप्रचुर वृत्तांबाबत तसे म्हणता येणार नाही. कीर्तनातील एकतारी लोकांनी उचलली; 'ख्रिस्तायना'ची भारदस्त भाषा ते आदराने ऐकत, एवढेच म्हणता येईल.

या सर्व विवेचनात आम्हांस सर्वांत विश्वसनीय साक्षीदार वाटतात त्या लक्ष्मीबाई टिळक. पतीने धर्म बदलला तेव्हा त्या हिंदूच राहिल्या. दीर्घ ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या तरी आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळे राखले. ख्रिस्ती पतीने ब्राह्मणी रीतीने राहणाऱ्या पत्नीची सोय लावून द्यावी असा तो संसार होता. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्यांनी या स्थित्यंतराची हकीकत दिली आहे. तीत धर्मशास्त्राचा वाद जवळजवळ नाही. मनुष्यामनुष्यांतील हा भेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. एकदा तो माणसाने केला असे पटल्यावर त्यांनी पाणी कोणाच्या हातचे आहे हे पाहणे सोडले. नवऱ्याच्या व्याख्यानांनी जे झाले नाही ते घागरीपाशी झाले. पुढे अनाथ मुले सांभाळताना, प्लेगच्या दिवसांत माणसांची शुश्रूषा करताना त्यांनी जे केले त्याला त्या धर्माचरण म्हणत नाहीत. बहुधा स्वतःच्या फजितीची गोष्ट म्हणून सांगतात. सोवळे गेले, पण पाहुण्याला विन्मुख पाठवू नये, ताटातले टाकू नये, घरात आलेले पोर आपले मानावे, हे माहेरचे शहाणपण गेले नाही. ठेवावयाचे काय आणि टाकावयाचे काय, याचा निवाडा त्यांनी असा केला, आणि त्यासाठी कोणत्याही परिषदेच्या ठरावाची वाट पाहिली नाही.

कॅथॉलिक पंथाने लोकभाषेतील उपासनेस अधिकृत अनुमती दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, डिसेंबर १९६३ मध्ये. वसईच्या बाजूस तीतून मराठी उपासना व मराठी ख्रिस्ती लेखन यांना बहर आला. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. ठाणे शहर व खाडीच्या पूर्वेकडील कळव्यासारखी उपनगरे यांची स्थिती निराळी आहे. येथील चर्चमध्ये दक्षिणेकडून व गोव्याहून आलेली, मराठी न बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने असतात आणि उपासनेची भाषा त्यांच्या सोयीने ठरते. विहिरी बुजल्या. उंबराचे पाणी क्वचित नळावरूनही आणले जाते. हे पाहून हळहळणारे पुष्कळ आहेत. पण १७३६ च्या न्यायाधीशांना जे साधले नाही ते विहीर बुजल्याने साधेल असे आम्हांस वाटत नाही.

'ख्रिस्तायन' टिळकांच्या हातून अपुरे राहिले. ते दहा अध्यायांपर्यंत पोचले होते. शाळेचे शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे हाती घेतले, आणि आपल्या घरगुती मराठीत, त्याच ओवीत, अध्यायामागून अध्याय लिहीत नेले. त्या १९३६ मध्ये वारल्या. ग्रंथ १९३८ मध्ये त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी, प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत.